पहिला थांबा : स्पोर्ट्‌स मोटार आणि तिचे ब्रेक-पॅड

मोटार धांवते ती इंजिनाच्या बळावर. परंतु तिला धांवूं देण्याचें धैर्य माणसाला होतें तें ब्रेकच्या भरंवशावर. हवी तेथें उभी करतां येत नाहीं अशा मोटारीचा वेग हा तिचा गुण नसून तिच्या धन्यावरचें संकट होय. असें असूनहि मोटार विकत घेणाराचें लक्ष रंगाकडे, बैठकीकडे आणि इंजिनाच्या अश्वशक्तीकडे जितकें जातें, तितकें चाकाच्या आड दडून बसलेल्या तळहाताएवढ्या तुकड्याकडे जात नाहीं. या तुकड्याला ब्रेक-पॅड म्हणतात. त्याची आठवण होते ती बहुधा तो झिजून किंचाळूं लागल्यावर. आणि मग दुकानदारानें चार निरनिराळीं खोकीं समोर मांडलीं म्हणजे त्यांतून कोणतें उचलावें हें कळेनासें होतें.

साध्या मोटारीच्या धन्यापुढें हा प्रश्न फारसा बिकट नसतो. कारखान्यानें जो पॅड बसविला होता त्याच जातीचा पुन्हां बसवावा, कीं काम झालें. स्पोर्ट्‌स मोटारीच्या धन्यापुढें मात्र एक मोह उभा असतो. चार खोक्यांपैकीं एकावर शर्यतीच्या मोटारीचें चित्र असतें, आणि त्याच्या मनांत विचार येतो : जो पॅड शर्यतीच्या भयंकर वेगांत टिकतो, तो रोजच्या कचेरीच्या वाटेवर तर सहजच उत्तम ठरेल. हा विचार वरवर पाहतां अगदीं सरळ वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि प्रसंगीं ही चूक प्राणावर बेतणारी आहे. ती कशी, हें समजून घ्यावयाचें तर प्रथम ब्रेक काय करतो तें पाहिलें पाहिजे.

ब्रेक मोटारीची गति नाहींशी करीत नाहीं. तिचें उष्णतेंत रूपांतर करतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. चालकानें पायपट्टी दाबली म्हणजे नळींतील द्रवाच्या दाबानें दोन पॅड त्या तबकडीला दोहों बाजूंनीं चिमटींत धरतात. या घर्षणांत गति खर्ची पडते आणि तबकडी तापते. ही उष्णता किती असते? माझ्दा कंपनीची एम्‌एक्स-५ ही दोन आसनांची उघड्या टपाची मोटार १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. हलकेपणा हाच तिचा मुख्य गुण. २०१४ सालीं दाखविण्यांत आलेली तिची चौथी पिढीहि हजार किलोंच्या आसपासच भरते. दोन माणसें व थोडें सामान धरून तिचें वजन १२०० किलो मानूं. ती ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगांतून जोरानें ब्रेक लावून उभी केली, तर तीन-चार सेकंदांत सुमारें ४६३ किलोजूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेंत दीड लिटर साधें पाणी उकळीला येईल, म्हणजे आठ-दहा पेले चहा होईल. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि वेग निम्म्यावर आला तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका नियमांत आहे.

ही उष्णता सोसण्याची युक्ति शोधण्यांत मोटारीच्या इतिहासाचा बराच भाग खर्ची पडला आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बर्था बेंझ या बाई आपल्या पतीनें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. शंभर किलोमीटरांहून लांबच्या त्या प्रवासांत उतारावर मोटारीचे ब्रेक झिजूं लागले; तेव्हां त्यांनीं वाटेंतल्या एका गांवीं चर्मकाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकच्या अस्तराची ही सुरुवात समजली जाते. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ सालीं ब्रेकच्या अस्तराचा कारखाना काढला. फेरोडो हें त्याचें नांव त्यांच्याच आडनांवाच्या अक्षरांतून जुळविलेलें आहे. तबकडीच्या ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं घेतलें. पण धातूवर धातू घांसून कानठळ्या बसविणारा आवाज होई, म्हणून तें मागें पडलें. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत टोनी रॉल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं जग्वार सी-टाइप मोटार पहिली आणली. तिला तबकडीचे ब्रेक होते. इतर मोटारींचे ढोलाच्या आकाराचे ब्रेक आंतल्या आंत तापून मवाळ पडत; उघडी तबकडी वाऱ्यानें निवत असे. त्या विजयानंतर तबकडीचा ब्रेक वेगवान मोटारींत रूढ झाला व हळूहळू साध्या मोटारींतहि आला.

अस्तरासाठीं त्या काळीं ॲस्बेस्टॉस वापरीत. तें स्वस्त व अग्नीला न जुमानणारें होतें. परंतु त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोग उत्पन्न करते हें सिद्ध झालें. ब्रिटनमध्यें १९९९ सालीं आणि युरोपीय संघांत २००५ सालीं त्याचा वापर बंद झाला. त्याच्या जागीं जीं मिश्रणें आलीं, त्यांतूनच आजच्या पॅडांच्या निरनिराळ्या जाती निघाल्या आहेत.

पहिली जात सेंद्रिय पॅडांची. यांत कृत्रिम धागे, रबर, कांचेचे तंतु वगैरे पदार्थ राळेनें एकत्र बांधलेले असतात. हा पॅड मऊ, मुका आणि तबकडीला जपणारा असतो. थंड असतांनाच तो चांगला धरतो. पण फार तापला तर लवकर ढिला पडतो व लवकर झिजतो. दुसरी जात अर्धधातूंच्या पॅडांची. यांत पोलादाचे तंतु व लोखंडाची भुकटी मोठ्या प्रमाणांत असते. हा पॅड उष्णता चांगली सोसतो. मात्र आवाज करतो, तबकडी अधिक झिजवितो आणि थंडींत त्याची पकड कमी पडण्याचा संभव असतो. या दोहोंमधली, थोडा धातू असलेली जात युरोपांतील मोटारींत फार प्रचलित आहे. ती धरते उत्तम, पण चाकांवर काळपट तपकिरी धूळ सांडते. तिसरी जात सिरॅमिक पॅडांची. हे आवाज करीत नाहींत, त्यांची धूळ फिकी असते, आणि रोजच्या उष्णतेंत त्यांची वागणूक एकसारखी असते. अतिमहाग मोटारींना असणाऱ्या कार्बन-सिरॅमिक तबकड्यांशीं या पॅडांच्या नांवाचा घोंटाळा करूं नये. त्या तबकड्यांचे पॅड निराळेच असतात. शेवटची जात खास शर्यतीच्या पॅडांची. कित्येकशें अंशांवरहि त्यांची पकड सुटत नाहीं, कारण त्यांची घडणच त्या उष्णतेसाठीं केलेली असते.

येथेंच खरी मेख आहे. अमुक पॅड चांगला कीं वाईट हा प्रश्न अपुरा आहे. तो किती अंशांवर चांगला, असें विचारलें पाहिजे. स्वयंपाकघरांतील तव्याचेंच उदाहरण घ्यावें. थंड तव्यावर टाकलेली भाकरी चिकटते आणि फार तापलेल्या तव्यावर ती करपते. मधल्या तापावर मात्र सुरेख फुगते. प्रत्येक पॅडालाहि असा आपला ताप असतो. शर्यतीच्या कांहीं पॅडांचें काम २०० अंशांच्या पुढेंच नीट सुरू होतें. फॉर्म्युला-वन शर्यतींतील मोटारींच्या कार्बन ब्रेकांची गोष्ट तर याहूनहि टोंकाची आहे. ते थंड असतां धड धरीतच नाहींत. म्हणून शर्यत सुरू होण्यापूर्वींच्या फेरींत चालक मुद्दाम ब्रेक दाबून ते तापवून घेतात.

रोजच्या रस्त्यावर ब्रेक किती तापतो, याचा आतां हिशेब पाहावा. ब्रेक लावतांना मोटारीचा भार पुढें झुकतो, त्यामुळें थांबविण्याचें सुमारें ७० टक्के काम पुढचीं दोन चाकें करतात. पुढची प्रत्येक तबकडी पांच किलोंची धरली, तर ताशीं १०० किलोमीटरांवरून एकदां थांबल्यानें तिचें उष्णतामान सुमारें ७० अंशांनीं वाढतें. शहरांतील ५० किलोमीटरांच्या वेगावरून थांबल्यास ही वाढ अवघी सतरा-अठरा अंशांची होते. आणि पुढचा चौक येईपर्यंत वाऱ्यानें तींतलाहि कांहीं भाग निघून जातो. म्हणजे कचेरीला जाणारी मोटार कितीहि वेळां थांबली तरी शर्यतीच्या पॅडाला हवा असलेला ताप तिच्या ब्रेकांत बहुधा येतच नाहीं. आणि सकाळीं घरांतून निघाल्यावरचा पहिला थांबा तर साफ थंड ब्रेकावरच घ्यावा लागतो.

त्या पहिल्या थांब्याची किंमत आंकड्यांत मांडतां येते. ताशीं ५० किलोमीटरांचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समजा, गल्लीच्या तोंडाशीं एक मूल चेंडूमागें धांवत रस्त्यावर आलें. नेहमींच्या पॅडावर चालकाचा पाय जितका दाब देतो, तेवढ्या दाबांत मोटार १२ मीटरांत उभी राहते असें धरूं. त्याच दाबाला थंड शर्यतीच्या पॅडानें निम्मीच पकड दिली, तर तीच मोटार २४ मीटर जाईल. पण खरी भयंकर गोष्ट निराळीच आहे. पहिली मोटार जेथें थांबून गेली, त्याच ठिकाणावरून दुसरी मोटार ताशीं ३५ किलोमीटरांच्या वेगानें पुढें जात असेल. चालक अधिक जोरानें पाय दाबील हें खरें. पण पकड कमी आहे हें ध्यानांत येण्यास आणि पाय अधिक दाबण्यास जो क्षण लागतो, त्या एका क्षणांतच सर्व कांहीं घडून गेलेलें असतें.

याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. जर्मनींतील आयफेल टेंकड्यांत न्यूर्बुर्गरिंग नांवाचा शर्यतीचा रस्ता आहे. १९२७ सालीं तो खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वळसा वीस किलोमीटरांहून अधिक लांब असून त्यांतील चढउतार सुमारें ३०० मीटरांचा आहे. ठराविक दिवशीं शुल्क भरून कोणालाहि आपली रोजची मोटार त्यावर नेतां येते. तेथें दीडशें-दोनशें किलोमीटरांच्या वेगावरून वळणामागून वळणाला ब्रेक दाबावा लागतो आणि तबकडीला निवण्यास उसंत मिळत नाहीं. अशा वेळीं साधा पॅड दोन तऱ्हांनीं दगा देतो. एक तर पॅडांतील राळ जळून तिचा वायू होतो व पकड सुटते. पायपट्टी घट्ट लागते, पण मोटार हळू होत नाहीं. नाहीं तर ती उष्णता पॅडांतून नळींतील द्रवापर्यंत पोंचून तो द्रव उकळतो. मग वाफ दबते आणि पायपट्टी तळाला जाऊन बसते. हीं दोन लक्षणें ज्याला ओळखतां येतील त्यालाच दोष कोठें आहे तें कळेल. पॅड बदलून दुसरा दोष जात नाहीं, आणि द्रव बदलून पहिला जात नाहीं.

उष्णता केवळ शर्यतींतच वाढते असें मात्र नाहीं. इटलींतील आल्प्स पर्वतांत स्टेल्व्हिओ नांवाची खिंड आहे. तिची उंची २७५७ मीटर असून प्रातो गांवाच्या बाजूनें उतरतांना ४८ तीव्र वळणें लागतात. त्या उतारावर मोटार सुमारें १८४० मीटर खालीं येते. मघांच्या १२०० किलोंच्या मोटारीचा सगळा भार एकट्या ब्रेकांवर टाकला, तर त्यांत जी उष्णता निर्माण होईल ती ताशीं १०० किलोमीटरांवरून जवळजवळ ४७ वेळां थांबण्याइतकी भरते. म्हणून जाणता चालक घाटांत खालचा गिअर टाकून इंजिनालाच मोटार आंवरावयास लावतो, आणि ब्रेक सतत चेपून न ठेवतां वळणापूर्वीं जोरानें लावून सोडून देतो. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या साध्या मोटारीलाहि हाच न्याय लागू आहे. उत्तम पॅड ही चांगल्या चालविण्याची जागा घेऊं शकत नाहीं.

मग निवड कशी करावी? देश तसा वेश ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. मोटारीचे वर्षांतले तीनशें दिवस कोठें जातात हें धन्यानें प्रामाणिकपणें स्वतःस विचारावें. ते कचेरीच्या वाटेवर आणि सुटीच्या सहलींत जात असतील, तर कारखान्यानें दिलेल्या जातीचा किंवा त्याच्या तोडीचा पॅड हाच योग्य. स्पोर्ट्‌स मोटार बनविणाराला तिचें वजन व वेग ठाऊक असतो. त्यानें निवडलेला पॅड साधा दिसला तरी अविचाराचा नसतो. ज्याला डोंगरी रस्त्यांवर जोरानें मोटार हांकण्याचा शोक आहे, त्यानें रस्त्यासाठींच केलेला पण अधिक उष्णता सोसणारा मधल्या जातीचा पॅड घ्यावा. मात्र तो थंड असतांनाहि धरतो असें बनविणारानें स्पष्ट सांगितलेलें असावें. आणि ज्याला वर्षांतून दोन-चार दिवस शर्यतीच्या मैदानावर जावयाचें असेल, त्यानें शर्यतीचे पॅड तेवढ्यापुरते बसवावे व परत येतांच काढून ठेवावे. हें काम कुशल कारागिराला थोड्या वेळाचें आहे.

खोक्यावरील चित्रापेक्षां पॅडावरील खुणांकडे अधिक लक्ष द्यावें. युरोपांतील आर-९० या नियमाप्रमाणें बदलीच्या पॅडाची पकड मूळ पॅडाच्या पकडीहून १५ टक्क्यांपेक्षां अधिक भिन्न असतां कामा नये. विशेष हें कीं, ती फार कमी असून चालत नाहीं तशी फार जास्तहि असून चालत नाहीं. मागच्या चाकांची पकड पुढच्यांच्या मानानें अधिक झाली, तर मागचीं चाकें अगोदर अडकतात व मोटार गिरकी घेते. हा तोल बनविणारानें साधलेला असतो. जर्मनींत मान्यता नसलेला पॅड बसविल्यास रस्त्यावर मोटार चालविण्याची अनुज्ञाच रद्द ठरूं शकते. अमेरिकेंतील पद्धतींत पॅडाच्या कडेवर दोन अक्षरें असतात : पहिलें साधारण उष्णतेंतील घर्षणाचें व दुसरें तापल्यावरच्या घर्षणाचें. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या वापरासाठीं दोन्ही अक्षरें सारखीं असणें बरें. दुसरें अक्षर पहिल्याहून खालचें असेल, तर तापल्यावर पकड उतरते असें समजावें. या अक्षरांवरून पॅडाचा टिकाऊपणा मात्र कळत नाहीं.

पॅड घेऊन झाल्यावरहि कांहीं काम उरतेंच. एका आंसावरचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावे, नाहीं तर मोटार एका अंगाला ओढते. नवा बिडाचा तवा जसा तेल लावून, तापवून वापरास तयार करावा लागतो, तसा नवा पॅडहि तबकडीशीं जुळवून घ्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदां वेग कमी करावा, पण पूर्ण थांबूं नये. आणि मग ब्रेक न लावतां कांहीं अंतर चालवून तबकडी निवूं द्यावी. नेमकी रीत पॅडाबरोबरच्या कागदावर दिलेली असते, ती पाळावी. यामुळें पॅडाच्या द्रव्याचा एक पातळ सारखा थर तबकडीवर बसतो व पकड पुरी येते. जातीच निराळ्या असलेले पॅड अदलून बदलून वापरणारानें हें दर खेपेस करावें.

ब्रेकच्या द्रवाची चौकशीहि त्याच वेळीं करावी. नेहमींच्या वापरांतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि जितकें पाणी मुरेल तितका तो लवकर उकळतो. डॉट-३, डॉट-४ व डॉट-५.१ या जातींचे द्रव कोरे असतां अनुक्रमें २०५, २३० व २६० अंशांपर्यंत उकळतां कामा नयेत असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४०, १५५ व १८० अंशांवर येते. म्हणून सामान्यतः दोन वर्षांनीं द्रव बदलण्याची चाल आहे. डॉट-५ हें नांव जवळचें वाटलें तरी तो सिलिकोनचा द्रव आहे. तो इतरांत कदापि मिसळूं नये. पॅडाचें अस्तर नवें असतां साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतें. तें तीन मिलिमीटरांपर्यंत उतरलें कीं बदलण्याची वेळ आली असें समजावें. पुष्कळ पॅडांना एक पातळ पत्रा लावलेला असतो. अस्तर संपत आलें कीं तो तबकडीला घांसून कर्कश ओरडतो. ती ओरड ऐकूनहि मोटार तशीच हांकणें म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणण्याचा बेत करणें होय.

पॅड झिजतो तेव्हां त्याची धूळ रस्त्यावर व हवेंत जाते, हेंहि विसरूं नये. त्यांतील तांबें पावसाच्या पाण्यांतून नदींत उतरून माशांना अपाय करतें, म्हणून अमेरिकेंतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनीं २०१० सालीं कायदे करून पॅडांतील तांबें टप्प्याटप्प्यानें कमी करविलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं संमत केलेल्या युरो-७ नियमांत तर ब्रेकच्या धुळीलाहि प्रथमच मर्यादा घातली आहे. जुने ब्रेक साफ करतांना ती धूळ तोंडानें फुंकून किंवा वाऱ्याच्या झोतानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

शर्यतींत ब्रेकची कसोटी शेवटच्या फेरींत लागते. तोपर्यंत तो शेंकडों वेळां तापलेला असतो, आणि तरीहि त्यानें धरावें अशी अपेक्षा असते. रोजच्या रस्त्यावर त्याची कसोटी पहिल्याच थांब्याला लागते. तबकडीवर रात्रीचें दंव असतें, चालक अर्धवट झोपेंत असतो आणि शाळेंत जाणारीं मुलें रस्ता ओलांडीत असतात. स्पोर्ट्‌स मोटारीच्या धन्यानें पॅड निवडतांना शर्यतीच्या मैदानाचें चित्र थोडें बाजूला सारून हा सकाळचा पहिला थांबा डोळ्यांपुढें आणावा. म्हणजे चार खोक्यांपैकीं कोणतें उचलावें हें सांगण्यास दुकानदाराची गरज पडणार नाहीं.